केबिनचा नंबर आधी, पैसे नंतर

पावसाळा सरला आणि मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचे दर व्हॉट्सॲपवर फिरू लागले, की माझ्याकडे एकच प्रश्न येऊन पडतो : ‘पहिल्यांदाच जातोय, कुठली केबिन घेऊ?’ सोबत कोण आहे, कोणाला बोट लागते, आजीचे गुडघे कसे आहेत, याबद्दल एक अक्षर नाही. जहाजावर केबिन खात्यात नोकरी केली म्हणून मला काही अंतर्ज्ञान झालेलं नाही. या खेपेला निदान थोडा तपशील देणारी पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : इनसाइड, ओशन व्ह्यू आणि बाल्कनी यांत फरक काय? इनसाइडमध्ये गुदमरतं का? (चिपळूण)

इनसाइडला खिडकी नाही, ओशन व्ह्यूला खिडकी आहे पण ती उघडत नाही, बाल्कनीत दार उघडून बाहेर बसता येतं. गुदमरत नाही, एसी सगळीकडे असतोच. पण दिवा मालवला की मिट्ट काळोख, घड्याळ पाहिल्याशिवाय सकाळ कळत नाही. घरात कोणाला बंद जागेची भीती असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : बायकोला एसटीसुद्धा लागते. आमच्याकडचे एक जुने तांडेल सांगतात की जेवढं वर तेवढा वारा, म्हणून सगळ्यात वरच्या डेकची केबिन घ्या. (मालवण)

तांडेलांचा अनुभव खरा आहे, पण तो मासेमारीच्या होडीचा. होडीवर माणूस उघड्यावर उभा असतो, तोंडावर वारा असतो, समोर क्षितिज दिसतं, म्हणून बरं वाटतं. क्रूझच्या वरच्या मजल्यावरची केबिन ही चार भिंतींची बंद खोली आहे, आणि जहाज कलतं तेव्हा सर्वांत जास्त झोका तिलाच बसतो. लाटेवर जहाज पुढून उचललं जातं ते सीसॉच्या फळीसारखं : टोकाला बसलेला वरखाली होतो, मधला जेमतेम हलतो. तेव्हा लांबीच्या मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या डेकवर केबिन घ्या. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची नको. अगदी मागचीही नको, तिथे जहाज ढकलणाऱ्या पंख्यांची थरथर पलंगात उतरते. परवडत असेल तर खिडकी घ्या, क्षितिज दिसलं की डोकं ठिकाणावर राहतं. वाऱ्यासाठी उघड्या डेकवर जा, ते फुकट आहे.

महिनाही बघा. डिसेंबर ते फेब्रुवारी आपला समुद्र बहुधा शांत असतो. अरबी समुद्रातली वादळं मुख्यतः मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात; 3 जून 2020 चं ‘निसर्ग’ रायगडकर आणि दापोलीकर विसरलेले नाहीत. आलेपाक जवळ ठेवा, काहींना बरं वाटतं. गोळी मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. या गोळ्या उलटी सुरू व्हायच्या आधी घ्यायच्या असतात, त्यांनी झोप येते, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना त्यातल्या काही चालत नाहीत, आणि शेजाऱ्यांनी दिलेली ॲव्होमिन दोन वर्षांखालच्या मुलाला तर अजिबात द्यायची नाही. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आम्ही सहाजण : दोघं, आठ आणि पाच वर्षांची मुलं, आई-बाबा. एजंट म्हणतो, ‘गॅरंटी केबिन घ्या, स्वस्त पडते, नशीब असेल तर फ्री अपग्रेडही मिळेल. आज रात्रीपर्यंतच रेट आहे.’ घेऊ का? (गुहागर)

नाही. आणि याचं उत्तर लांबणार आहे, कारण याच एका गोष्टीने घरंच्या घरं हिरमुसली होऊन परतताना मी पाहिली आहेत.

‘गॅरंटी’ म्हणजे त्या प्रकारची एक केबिन मिळेल, एवढीच हमी. कुठल्या डेकवर, कोणाशेजारी, कशाच्या खाली, हे सगळं कंपनी ठरवणार, तेही बहुधा निघायच्या थोडे दिवस आधी. इतरांनी निवडून निवडून जे उरलं ते तुमच्या वाट्याला येणार. एकट्यादुकट्या माणसाला हे चालतं. तुम्हा सहाजणांना दोन केबिन लागणार. त्यातली एक चौथ्या डेकवर पुढे आणि दुसरी आठव्यावर मागे आली, तर रात्री आईला बरं वाटेनासं झाल्यावर तुम्ही लिफ्ट शोधत फिरणार. दोन बुकिंग एकमेकांना जोडून घेतलेली असली तरी केबिन शेजारी येतीलच असं नाही. अपग्रेडचं म्हणाल तर ते कधीकधी मिळतंही, पण इनसाइडवरून खिडकीवर नेतात आणि खिडकीबाहेर अख्खी लाइफबोट टांगलेली असते.

आता मागायचं काय ते सांगतो. शेजारी-शेजारी केबिन आणि आतून दार असलेल्या केबिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एजंट पहिलीला दुसरीचं नाव देतो. तुम्हाला हवी आहे ती मधल्या दाराची, म्हणजे ‘कनेक्टिंग’. अशा जोड्या जहाजावर मोजक्याच असतात आणि आधी जातात. एका केबिनमध्ये चौघं राहणार असाल तर तिसरा-चौथा पलंग कुठला ते विचारा. बहुतेक ठिकाणी तो भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा बंक असतो, चढायला शिडी, कडेला बुटका कठडा. आठ वर्षांची मुलगी हौसेने चढेल. पाच वर्षांचा झोपेत लोळत असेल तर त्याला वर चढवू नका. दोन्ही बंक उघडले की शिडी आणि बॅगा यांतून मोरीपर्यंत जायला वाट उरत नाही, हे फोटोत दिसत नाही, कारण फोटो बंक मिटवून काढलेला असतो. डोकी मोजताना मांडीवरचं मूलही धरतात, कारण लाइफबोटीत त्याचीही जागा लागते. म्हणून ‘एक लहान मूल काय, सामावून घेतील’ हे जहाजावर चालत नाही.

मग डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा उघडा. कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, मोबाइलवर मोठा करून पाहा. आपली केबिन सापडली की तिच्या बरोबर वरचा आणि खालचा डेक बघा. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे अंधारात खुर्च्या ओढल्याचा खरखराट थेट उशाशी येतो. वर बुफे असेल तर ट्रॉल्या. खाली डिस्को किंवा थिएटर असेल तर ढोल पलंगाच्या पायातून वर चढतो. शेजारी नकाशात कोरी पांढरी जागा दिसली तर जपून, तिथे बहुधा कर्मचाऱ्यांची पँट्री किंवा यंत्रं असतात. वर केबिन, खाली केबिन, दोन्ही बाजूंना केबिन : ही जागा उत्तम, मग ती इनसाइड का असेना.

एजंटला फोन करू नका, लिहून विचारा : केबिन नंबर कोणते, मधलं दार आहे का, पोर्ट चार्जेस, जीएसटी आणि टिप धरून सहाजणांचे एकूण किती, रद्द केल्यास परत किती. लेखी उत्तर येईपर्यंत रुपया देऊ नका. ‘आज रात्रीपर्यंत’वाले रेट पुढच्या आठवड्यातही बहुधा असतात. एकदा कंपनीच्या कॉल सेंटरला तोच नंबर सांगून खात्री करा.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची आहे. बाल्कनी घ्यावी का? (अलिबाग)

नको, खुर्ची कठड्याला लावून चढायला तिला एक मिनिट पुरेल.

प्रश्न : गोव्याला जाताना आपला किनारा दिसावा म्हणून कुठल्या बाजूची केबिन घेऊ? जयगड, रत्नागिरीचे दिवे दिसतील का? (रत्नागिरी)

जाताना किनारा डावीकडे, येताना उजवीकडे. पण बरीच वाट रात्रीची आणि जहाज किनाऱ्यापासून लांबून जातं. एखादं दीपगृह लुकलुकलं तर लुकलुकलं. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

प्रश्न : आई 76 वर्षांची, गुडघेदुखी, लांब चालायचं असेल तर व्हीलचेअर लागते. लक्षद्वीपची क्रूझ आहे. तिच्यासाठी लिफ्टसमोरची केबिन बघतोय. (सावंतवाडी)

लिफ्टच्या अगदी समोर नको, तिथे रात्रभर गलका असतो. चार-पाच दारं सोडून घ्या. पण माझी काळजी वेगळीच आहे. साध्या केबिनच्या बाथरूमला उंबरठा असतो, दार अरुंद असतं, व्हीलचेअर आत जात नाही. व्हीलचेअरसाठी बनवलेल्या केबिन वेगळ्या असतात आणि अगदी थोड्या. आजच मागा.

दुसरं, लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. बाहेर थांबतं आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात. कोकण बोटीच्या काळी आपल्याकडे पडावात उतरायचे, तसलाच प्रकार. हलत्या बोटीत पाय टाकायचा असतो आणि समुद्र तयार नसेल तर उतरवतही नाहीत. आईंना जहाजावरच थांबावं लागलं तर त्या दिवशी त्यांच्याजवळ कोण बसणार, हे घरात आधी ठरवा. मग केबिनला खिडकी घ्या, पैसे वसूल होतील. हाडांच्या डॉक्टरांना आणि नेहमीच्या डॉक्टरांना दाखवून प्रवासाला हरकत नसल्याची चिठ्ठी घ्या. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचं बिल वेगळं येतं, विमा त्यात काय काय धरतो तेही विचारा.

प्रश्न : पत्नीला पाचवा महिना आहे. खालच्या डेकची केबिन चालेल का? (देवगड)

डेकचं नंतर बघू. बऱ्याच कंपन्या 24 आठवड्यांनंतर घेत नाहीत आणि आठवडे सफरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत मोजतात. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, मग कंपनीला लेखी.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात निघतोय. केबिन चढल्यावर बदलून मिळेल का? कोकणकन्येने सकाळी पोचून त्याच दिवशी चढायचा विचार आहे. (दापोली)

जहाज भरलेलं असेल तर मिळणार नाही. रिकामं असेल तर चढल्या चढल्या रिसेप्शनला विचारा, जेवण उरकून नव्हे. हे पत्र दोन महिन्यांपूर्वी यायला हवं होतं.

कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला लागते आणि जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का तिथून जवळ आहे हे खरं. पण कोकण रेल्वेची गाडी कधी कुठल्या क्रॉसिंगला अडकेल ते तुम्हाला मी सांगायला नको. जहाजाचं चेक-इन सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं आणि मागे राहिलेल्यासाठी कोणी शिडी लावून ठेवत नाही. आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करा. मुलांची मूळ ओळखपत्रं बरोबर घ्या, झेरॉक्स नको, आणि कुठली चालतात ते तिकिटावर आजच वाचा.