सुपरमॅनच्या तरुणपणावरच्या स्मॉलव्हिल सिरीजचा आठवा सीझन बघायचा की सोडायचा?

सातवा संपवलास ना, मग थांबू नकोस. व्हिलन लेक्स गेला, म्हणजे तो रोल करणाऱ्या मायकल रोझेनबॉमने रेग्युलर काम सोडलं, आणि गॉफ अन् मिलर हे शो बनवणारे दोघंही त्याच वेळी बाहेर पडले, त्यामुळे २००८ मध्ये आठवा सुरू होताना बऱ्याच फॅन्सना वाटलं की आता संपलं सगळं. पण खरं सांगू, क्लार्क, म्हणजे पुढचा सुपरमॅन, डेली प्लॅनेट या पेपरात लोइसशेजारी कामाला बसतो ना, तिथे शो एकदम मोठा होतो, शाळा-शेतातून बाहेर येतो. लोइस झालेली एरिका ड्युरन्स तर काय भारी आहे यार!

क्लार्कच्या जुन्या गर्लफ्रेंडचे, लानाचे एपिसोड मधे येतात तिथे वैतागशील, पुष्कळ जण वैतागले होते, पण ते थोडेच आहेत, बघून पुढे जा. लीजन हा एपिसोड मात्र नीट बसून बघ, तो जेफ जॉन्सने लिहिलाय, कॉमिक्सवाला माणूस आहे आणि ते जाणवतं.

सॅम विटवरचं काम मला मनापासून आवडतं, त्याचा पॅरामेडिक डेव्हिस एकाच वेळी बिचारा पण वाटतो आणि भीतीही वाटते त्याची. फक्त फिनालेकडून मोठ्या मारामारीची अपेक्षा ठेवू नकोस, सगळा सीझन डूम्सडे या राक्षसाची हवा केली आणि फाइट पटकन आटोपली, लोक चिडले ते बरोबरच होतं. स्पॉयलर वाचू नकोस, शेवटी एकाचं जे होतं त्यावर अजून भांडणं होतात. आणि लगेच नववा लाव, झॉड या व्हिलनवाला.