पोरगी म्हणते चिपमधली वीज वाचवायला शिकायचंय, काय करावं?

परभणी जिल्ह्यातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी नांदेडला ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, 'लो पॉवर व्हीएलएसआय' (कमी वीज खाणाऱ्या चिपचं डिझाईन) डोक्यात घेऊन बसलीय, पुण्याचा एक क्लासवाला दीड लाख मागायलाय. वडील विचारतात, चिपमधली वीज वाचवणं हे काय करिअर असतंय का, सरळ आयटीत गेलेलं बरं नाही का.

दादा, आधी काम काय ते सांगतो. मोबाईलच्या एका चिपवर प्रोसेसर, ग्राफिक्स, मोडेम असं सगळं बसवलेलं असतं, ती सिस्टिम ऑन चिप. तुमच्या ठिबकसारखंच बघा, ज्या प्लॉटला पाणी नको त्याचा व्हॉल्व्ह आपण बंद करतो, तसं चिपच्या रिकाम्या ब्लॉकची (भागाची) क्लॉक, म्हणजे त्याला ताल देणारा सिग्नल, थांबवायची, हे क्लॉक गेटिंग. पण क्लॉक थांबली तरी करंट झिरपतच राहतो, मग सप्लायच तोडायचा, हे पॉवर गेटिंग, आणि खरी डोकेदुखी इथं सुरू होते, कारण सप्लाय गेला की ब्लॉक सगळं विसरतो, वर शेजारच्या चालू ब्लॉकला भलताच सिग्नल देतो, म्हणून मध्ये आयसोलेशन सेल, आठवण ठेवायला रिटेन्शन फ्लॉप, आधी काय बंद मग काय चालू त्याचा क्रम, आणि ही सगळी रचना यूपीएफ (युनिफाइड पॉवर फॉरमॅट) फाईलमध्ये लिहायची. ते बरोबर चालतंय का हे तपासायला वेगळे इंजिनिअर असतात. व्होल्टेज 1 वरून 0.8 वर आणलं तर तेवढ्याच स्पीडला स्विचिंगची पॉवर 36 टक्के कमी होते कारण ती व्होल्टेजच्या वर्गावर (स्क्वेअरवर) चालते, पण कमी व्होल्टेजला सर्किटही हळू होतं, तिथंच ओढाताण. तर हो, करिअर असतंय.

दीड लाख मात्र देऊ नका, निदान आत्ता नको. प्लेसमेंटची गॅरंटी म्हणून पैसे भरलेली आणि नंतर फोन न उचलणाऱ्या क्लासमागं फिरणारी पोरं माझ्याकडं येऊन रडलेली आहेत.

त्यापेक्षा तिला म्हणा एक छोटा यूएआरटी (एकेक बिट डेटा पाठवणारं सर्किट) व्हेरिलॉग या हार्डवेअरच्या भाषेत लिही, आयकॅरस हा सिम्युलेटर फुकट आहे त्यात चालव, मग ओपनलेन या फुकट टूलमधून त्याचा चिपचा लेआउट काढ, त्यासाठी लागणारं स्कायवॉटर या चिप बनवणाऱ्या कंपनीचं 130 नॅनोमीटरचं पीडीके (कारखान्याच्या डिझाईन फाईलींचा संच) 2020 पासून खुलं आहे. आधी साधं डिझाईन, मग क्लॉक गेटिंग घालून, दोन्हीचे पॉवर रिपोर्ट शेजारी ठेव. आणि क्लॉक नुसत्या अँड गेटमधून नेऊ नको, ग्लिच (नको असलेली क्षणभराची पल्स) येतो, लॅच (सिग्नल धरून ठेवणारं सर्किट) असलेला गेटिंग सेल वापर. हे का ते तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं तर इंटरव्ह्यूत अर्धं काम झालं (पोरं व्याख्या घोकून जातात न् इथंच अडकतात).

पुढं गेट परीक्षा देऊन एमटेक, नाहीतर सीडॅक या सरकारी संस्थेचा व्हीएलएसआय डिप्लोमा, त्याला सीकॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फ्रेशरच्या जागा आयटीपेक्षा कमी असतात आणि काम बहुतेक बंगळुरू, हैदराबाद, नोएडाकडं, पुण्यात थोडं, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. पण यात पायथन, टीसीएल, थोडं सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकाव्याच लागतात, त्यामुळं आयटीचं दार काय बंद होत नाही.

दिवाळीपर्यंत ते दोन रिपोर्ट तयार झाले की पुढचं पत्र तिलाच लिहू द्या, आकडे घालून.