माठ घेतलास का?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा तू घरी जेवायला आलास तेव्हा पानावर बसता बसता म्हणालास, "काकू, इथं काय आहे हो? दोन वर्षं काढायची आणि पुण्याला निघायचं." मी तुला भाकरी वाढली आणि गप्प राहिले. तुझ्या आईची बदली होईपर्यंत आम्ही दोघी चार वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. तिच्या मुलाला पहिल्याच भेटीत उपदेश करणं बरं वाटेना. पण तू गेलास आणि मला रात्री झोप लागेना, कारण हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. शब्दन् शब्द हेच.

१९८८ साली मी चिपळूणहून बँकेच्या नोकरीसाठी सोलापुरात आले. पाच्छा पेठेत एका वाड्यात खोली घेतली. बदलीचा अर्ज पहिल्याच महिन्यात दिला होता, त्यामुळे मी या गावात काही विकत घेतलं नाही. एक गादी, एक स्टोव्ह, दोन पातेली. ट्रंक उघडली ती कपडे काढण्यापुरती. माठसुद्धा घेतला नाही. बदली झाली तर माठ कुठं न्यायचा? कोकणात वाढलेली मी, विहिरीचं गार पाणी प्यायलेली. ती मी सोलापूरच्या उन्हाळ्यात तीन वर्षं पितळी कळशीतलं कोमट पाणी प्याले. तिसऱ्या वर्षी चैत्रात आमच्या घरमालकीणबाई, त्यांना सगळा वाडा अव्वा म्हणायचा, स्वतः डोक्यावर माठ घेऊन जिना चढून आल्या. कोपऱ्यात वाळू पसरून त्यावर तो ठेवला आणि म्हणाल्या, "बदली झाली तर ठेवून जा. तोवर पाणी तर पी की." त्या पाण्याचा पहिला घोट घेतला आणि मला रडू आलं. तीन वर्षं मी स्वतःला कशापासून दूर ठेवलं होतं, ते त्या घोटात कळलं.

तू सध्या हेच करतो आहेस, म्हणून लिहिते.

सोलापुरात सुखाला वेळ असते. हे गाव उन्हाचं आहे, पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. इथल्या माणसांनी आपलं सगळं चांगलं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर नेऊन ठेवलं आहे. तू साडेआठला उठतोस, डोक्यावर ऊन घेऊन एमआयडीसी गाठतोस, सातला परत येऊन खिडक्या लावतोस, कूलर चालू करतोस आणि मोबाईल घेऊन आडवा होतोस. तुला हे गाव फक्त त्याच्या वाईट वेळी भेटतं. मग ते आवडणार कसं?

एक दिवस पावणेसहाला सिद्धेश्वर तलावावर जा. जुळे सोलापुरातल्या तुझ्या खोलीवरून गाडीवर तुला फार वेळ लागणार नाही. तलावाच्या मधोमध देऊळ, एका अंगाला भुईकोट किल्ल्याची तटबंदी, आणि त्या वेळी पाण्यावर अजून उन्हाचा पत्ता नसतो. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी, म्हणजेच सिद्धेश्वरांनी, लोकांना बरोबर घेऊन हा तलाव खणला असं गाव सांगतं. ते कन्नड वचनं रचणारे कवीही होते. कोरड्या मुलखात ज्यानं पाणी साठवलं तोच आमचं ग्रामदैवत झाला, यात मला या गावाचा सगळा स्वभाव दिसतो. देवळात जायचंच असं नाही. कठड्यापाशी नुसता उभा राहा. थंडीत गेलास तर वाट वाकडी करून कंबर तलावावरही जा, तिथं पक्षी उतरतात. रोज जमणार नाही, मला माहीत आहे. आठवड्यातून एकदा, पण ठरलेल्या वारी. वार ठरला की दोन-तीन महिन्यांत तिथले फिरायला येणारे आजोबा तुला ओळखायला लागतील आणि एखाद्या आठवड्यात दिसला नाहीस तर "मागल्या बुधवारी कुठं होतास बे?" म्हणून विचारतील. या गावातला 'बे' कानाला आधी खटकतो. तो प्रेमानं आला की काय वाटतं, ते तुला त्या दिवशी कळेल.

आता जेवणाबद्दल, कारण तुझी तब्येत मला बरी दिसली नाही. रोज रात्री डब्यात काहीतरी मागवून खातोस, ते बंद कर. एकट्या माणसासाठी या गावानं पिढ्यान्‌पिढ्या एक जेवण तयार ठेवलेलं आहे आणि तू त्याला हातही लावलेला नाहीस. कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजून मग मंद आचेवर तिच्यातला पाण्याचा अंश संपेपर्यंत वाळवत ठेवायची. पाणीच उरलं नाही म्हणून ती पंधरा-वीस दिवस सहज टिकते. प्रवासाला निघणारी माणसं ही भाकरी बांधून न्यायची. घरगुती करणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत, दुकानातही मिळते. तिच्या जोडीला शेंगाची चटणी. शेंगदाण्याला इथं नुसतं शेंगा म्हणतात. भाजलेल्या शेंगा, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, इतकंच. पण ती उखळात कुटलेली हवी. मिक्सरमध्ये दाण्याचा भुगा होतो. कुटताना दाणा चेपला जातो, त्याचं तेल सुटतं आणि चटणी ओलसर, एकजीव होते. घेताना चिमूट बोटांत दाबून बघ. बोटाला तेल लागून गोळी वळली पाहिजे. पावशेर घे, जास्त नको, ताजी ती ताजी.

रात्री घरी आलास की गॅस पेटवायचीही गरज नाही. भाकरी ताटात मोडायची, वर दही, दोन चमचे चटणी, कच्च्या तेलाची धार, एक कांदा बुक्की मारून फोडलेला. आधी कुरकुरीत खायची. थोडी दह्यात भिजू द्यायची आणि ती शेवटी खायची. मी पस्तीस वर्षं हे जेवते आहे. शेवटच्या भिजलेल्या घासाची मी अजून वाट बघते.

भाजी मात्र स्वतः आण. सुट्टीच्या सकाळी लक्ष्मी मंडईत जा आणि आधी काही न घेता एक फेरी नुसती ऐक. एकीकडं मराठी, पलीकडं कन्नड, मध्येच दखनी उर्दू, आणि पूर्व भागातून आलेल्या बायकांची तेलुगू. एकच बाई तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत बोलते आणि तिला त्याचं काही विशेष वाटत नाही. मी अव्वांकडून पहिलं कन्नड वाक्य शिकले ते "ऊटा आयता?", म्हणजे जेवण झालं का. ते एका भाजीवालीला घाबरत विचारलं, तर तिनं माझ्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी टाकली आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर ती सेवानिवृत्त होईपर्यंत, म्हणजे तिची सून गाळ्यावर बसायला लागेपर्यंत, मी दुसरीकडं मेथी घेतली नाही. तू आकडे शीक. ओंदु, एरडु, मूरु. तेलुगूत ओकटि, रेंडु, मूडु. एका रविवारचं काम आहे आणि पुढं जन्मभर मंडईत तुझं हसून स्वागत होईल.

दर शनिवारी तू पुण्याला पळतोस म्हणून तुझी आई सांगत होती. मित्र तिथं आहेत, जरूर जा. पण महिन्यातून दोनदा जा, चारदा नको. आणि ज्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जातोस, तिचं नाव कुणावरून आलं तेही एकदा बघून ये. चार हुतात्मा चौकात चार पुतळे आहेत: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात या गावावर इंग्रजांचा मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला होता आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. मंडईत ज्यांचे आवाज ऐकशील, त्यांच्यातलीच नावं तिथं एका ओळीत आहेत. तिकिटावरचा शब्द मग कोरा राहत नाही.

तुझ्या कामाविषयीही एक सांगायचं आहे. टॉवेलच्या कारखान्यात तू हिशेब बघतोस. मी विचारलं टॉवेल विणतात कसा, तर म्हणालास, "आमचं ऑफिस वेगळ्या बिल्डिंगमध्ये आहे." बाळा, जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं मागापाशी जाऊन उभा राहा. साध्या कापडाला एक ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा संच, असतो, टॉवेलला दोन. एक घट्ट ताणलेला, एक सैल सोडलेला. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन-तीन धागे आधी थोडे मागं ठेवतात आणि मग फणी त्यांना एकदम पुढं ठोकते. त्या ठोक्यासरशी सैल ताण्याचं सूत वर उचललं जाऊन त्याचे वेटोळे उभे राहतात. टॉवेल पाणी पितो ते त्या वेटोळ्यांनी. हे मला आमच्या बँकेत कर्जाला आलेल्या एका मागवाल्यानं समजावलं. त्यानं टेबलावर रुमाल पसरून नखानं सूत उचलून दाखवलं होतं. त्या दिवसानंतर कर्जाची फाईल माझ्यासाठी बदलली. आकडे तेच, पण मागचा आवाज ऐकू यायला लागला. नोकरीतलं सुख पगाराच्या तारखेलाच मिळतं असं तुला वाटत असेल, तर ही पंधरा मिनिटं करून बघ.

आणि चादर घे. सोलापुरात राहून तू पांघरतोस ते चकचकीत पॉलिस्टरचं ब्लँकेट मी पाहिलं, फार वाईट वाटलं. चाटी गल्लीत जा, सुती चादर माग, हातात घेऊन वजन बघ. नवी असताना ती थोडी खरखरीत लागेल. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात वेगळी भिजव, रंग जातो. जशी धुशील तशी मऊ होत जाईल. माझ्याकडची सर्वांत जुनी चादर आज सर्वांत चांगली आहे.

एप्रिल-मेमध्ये ती गच्चीवर लागते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ते ऊन परत देत राहतो, म्हणून तुझी वरच्या मजल्यावरची खोली रात्री अकरालाही भट्टी असते. सातच्या सुमाराला गच्चीवर पाणी मार. पहिल्या बादलीची नुसती वाफ होते, दुसरीनं गच्ची निवायला लागते. (पिण्याचं पाणी वापरू नकोस. नळाला रोज पाणी नसतं हे तुला कळलंच आहे. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी बाजूला ठेव.) नऊनंतर वारा सुटतो. चादर अंथरून पड. शेजारच्या गच्च्यांवर मुलं गोष्टी सांगत असतात, कुणीतरी कलिंगड कापतं आणि मधल्या कठड्यावरून एक फोड तुझ्याकडंही येते. खोलीचं दार लावून कूलरसमोर पडलेल्या माणसाला ही फोड देणार कोण?

पाण्याच्या दिवसाचंही तसंच. नळ येणार म्हणून पहाटे सगळी चाळ जागी होते आणि तू कानावर उशी घेतोस. उठ. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या दोन बादल्या चढवून दे. चहा आपोआप मिळेल.

हुरडा यंदाचा संपला. पुढच्या पौषात माझ्याबरोबर शेतावर चल. आगटीत भाजलेलं कणीस हातावर चोळून गरम दाणे तोंडात टाकायचे असतात, थांबलास की चव गेली. संक्रांतीच्या आसपास गड्ड्याची जत्रा असते. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, शहरातल्या अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या उंच काठ्या तोलत चालतात. होम मैदानावर पाळणे लागतात, रात्री शोभेचं दारूकाम होतं. त्या आठवड्यात पुण्याचं तिकीट काढू नकोस, एवढंच आत्ता सांगते. रमजानात विजापूर वेशीपाशी रात्रीच्या बाजारात फिरायलाही कुणाला तरी सोबत घेऊन जा.

तू दोन वर्षांनी जाशील. जावंस, तुझं वय आहे. माझी बदली पाचव्या वर्षी आली आणि मी ती नाकारली, पण तू तसं करावंस असं मी म्हणत नाही. जाताना इथलं काहीतरी मागं ठेवून जायला लागावं, एवढं इथं वसव.

आज सकाळी कुंभाराकडून दोन माठ आणले, एक तुझा. टिचकी मारून आवाज बघून घेतला आहे, खणखणीत आहे. तोटीचा नको म्हटलं, तोटी गळते. रविवारी ये आणि रिक्षानं घेऊन जा, गाडीवर पायात धरून नेऊ नकोस. घरी गेल्यावर दोन दिवस पाणी भरून ठेव आणि ते कुंडीत ओत, त्याला मातीचा वास असतो. तिसऱ्या दिवशीचं पाणी प्यायचं. खाली घालायला वाळू मी पिशवीत भरून ठेवली आहे, ती ओली ठेव. आणि फडकं सुती गुंडाळ.

जेवायलाच ये, भाकरी टाकते.

तुझी,
काकू