ग्रुपवर मीपण का बोलली?

"मॅडम, मी तर तिच्या घरी रोज बसाउठायची, तरी मीपण लिहिलं. मी इतकी वाईट आहे का?"

हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, यावेळी नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या एका ताईंचा होता (ओळख बदलली आहे). सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीत गडबड झाली म्हणून ग्रुपवर कोणीतरी हिशेब ठेवणाऱ्या बाईचं नाव घेतलं अन् पुरावा काही नसताना सगळे तिच्यावर तुटून पडले. ताईंनी आधी टाईप केलं होतं 'आधी हिशेब पाहून घेऊ', ते पुसलं अन् टाकलं 'लाज वाटायला पाहिजे'. मग तिला हळदीकुंकवाचं बोलावणं बंद, तिची पोरगी खाली खेळायला आली की बाकीच्या पोरींना वरून हाका.

मी विचारलं, पहिलं वाक्य पुसताना मनात काय होतं? बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "वाटलं, आता माझंच नाव येईन."

बहुतेकदा हेच असतं. मजा घेणारे असतात, जुना राग काढणारेही असतात, पण माझ्यासमोर येऊन रडणारे बहुतेक भीतीनं सामील झालेले असतात. अन् एक सुटकाही असते त्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवणुकीनं नेऊन जाळतात त्या मारबतीच्या पुतळ्याला आपण 'ईडा पीडा घेऊन जा' म्हणतो ना, तसं एका माणसावर सगळं ढकललं की बाकीच्यांना आपण स्वच्छ झालो असं वाटतं.

सोलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५१ च्या सुमारास प्रयोग केले होते, रेघांची लांबी ओळखायची, सोपं काम, पण बाकीचे मुद्दाम चुकीचं सांगायचे. सुमारे तीन चतुर्थांश लोक एकदा तरी त्यांच्या मागं गेले. पण खोलीत एकजण जरी खरं बोलला तर हे मागं जाणं एकदम कमी व्हायचं, अन् मला हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

समाजाच्या पंचायतीनं वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोसायटीतल्या अशा अबोल्याची तक्रार कुठं करणार? तिथं शेजाऱ्यालाच तोंड उघडावं लागते.

ताई आधी तिच्या घरी गेल्या, माफी मागितली. ती दारातूनच म्हणाली, "माफी इथं कायले, ग्रुपवर माग ना." बरोबरच होतं तिचं. ताईंनी ग्रुपवर लिहिलं, मी पुरावा न पाहता बोलली, माझं चुकलं, वर्गणीची पावतीबुकं सगळ्यांसमोर तपासा. त्यावर दोघींनी त्यांना पर्सनलवर मेसेज केला, बरं झालं तू बोलली. मी म्हटलं, त्यांना तेच ग्रुपवर लिहायला सांगा. एकीनं लिहिलं, दुसरी अजून टाळूनच राहिली आहे.