नव्या नाटकाचं वाचन लावताना

तुम्ही विचारलंय की संस्थेकडे तीन नवी नाटकं आली आहेत, लिहिणारे तिघंही गावातलेच, प्रयोगाला पैसे नाहीत, तर आधी जाहीर वाचन करावं का? आणि केलं तर नटांनी उठून हालचाली करायच्या की बसून वाचायचं? सांगलीकडच्या आमच्या हौशी मंडळात गेली चौदा वर्षं वाचनं लावायचं काम माझ्याकडे आहे, त्यातून जे कळलं ते सांगते.

वाचन जरूर करा, पण बसूनच. आम्ही पहिल्या वर्षी उठलो आणि फसलो. हातात संहिता घेऊन नट चालायला लागला की त्याचं अर्धं लक्ष पायांत जातं. मग कुणीतरी म्हणतं, एक टेबल आणू. मग शाल येते, मग दोन स्पॉट, मग ओळखीचा एक तबलजी. शेवटी वाचनही धड होत नाही नि प्रयोगही. लोक घरी जाताना नाटकाबद्दल बोलतच नाहीत, ‘तयारी कमी पडली’ एवढंच म्हणतात.

हे वाचन लेखकासाठी असतं, हे एकदा नटांच्या गळी उतरवा. त्याने ते नाटक मनात शंभरदा ऐकलेलं असतं, पण सगळ्या पात्रांना त्याचाच आवाज असतो. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की सासू आणि वकील एकाच ढंगात बोलतायत हे त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. म्हणून मी अभिवाचनात गाजलेल्या मंडळींना शक्यतो टाळते. अभिवाचन, म्हणजे नुसत्या आवाजाने अभिनय करत वाचणं, ही वेगळी कला आहे, मला आवडतेही. पण कसलेला अभिवाचक पडेल वाक्यसुद्धा तारून नेतो, आणि आपल्याला नेमकं ते पडलेलंच ऐकायचं असतं. साधं, स्पष्ट वाचणारी माणसं घ्या. दोन तालमी पुरेत. तिसरीला नट ‘करायला’ लागतात.

रंगसूचना वाचायला स्वतंत्र माणूस हवा, आणि तो तुमचा सगळ्यात भरवशाचा वाचक असू द्या. आमच्याकडे त्याला सूत्रधारच म्हणतात. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीतच ‘सीतास्वयंवर’ केलं, त्या नाटकांत सूत्रधार पदांतून कथा सांगायचा आणि पात्रं आपापली भाषणं आयत्या वेळी बोलायची. म्हणजे हे काम इथलं जुनंच आहे. मात्र सगळ्या सूचना वाचू नका. ‘खिन्नपणे’, ‘किंचित हसून’ वगैरे आधीच पेन्सिलीने काटा. जी कृती ऐकल्याशिवाय पुढचं कळणार नाही, तेवढीच ठेवा.

एका नाटकात सून सोनेतारणाची पावती लपवते असा प्रसंग होता. सूत्रधाराने शांतपणे वाचलं, ‘ती पावती तांदळाच्या डब्यात खोल खुपसते आणि वरून तांदूळ सारखे करते.’ हॉलमध्ये पंखे तेवढे ऐकू येत होते. त्यानंतर मात्र दोन पानं ती बहिणीला तेच सगळं समजावून सांगते. पहिल्या पानावर पुढच्या रांगेतले एक काका खोकले, दुसऱ्यावर तिघं. लेखक मागच्या खुर्चीत बसला होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने नवी प्रत आणली, त्यात ती दोन पानं नव्हती.

तेव्हापासून एका माणसाला आम्ही एवढंच काम देतो. वेगळी प्रत घ्यायची आणि लोक कुठे हसले, कुठे खोकले, कुठे मोबाइल बाहेर आले याच्या खुणा करायच्या. नंतरच्या चर्चेपेक्षा ही प्रत जास्त खरं बोलते.

प्रतींचं म्हणाल तर कागदाच्या एकाच बाजूला छापा, अक्षर मोठं ठेवा आणि शक्यतो कुठलंही वाक्य पान उलटताना तुटू देऊ नका. आठ जण एकदम पान उलटतात तेव्हा मधलं वाक्य कुणालाच ऐकू येत नाही. स्पायरल बाइंडिंग करून घ्या, सुटी पानं पंख्याखाली उडतात. संहिता जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर पीडीएफच मागा. नाहीतर झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसतात आणि वाचन तासावर आलेलं असतं.

आता चर्चा. इथेच जास्त नुकसान होतं. आमच्याकडे एका ज्येष्ठ दिग्दर्शकांनी ‘हे नाटक मी असं केलं असतं’ म्हणून पंचवीस मिनिटं घेतली. लेखिका बावीस वर्षांची होती, पहिलंच नाटक. मान खाली घालून सगळं लिहून घेत होती. ती परत कधी आली नाही, आणि मधेच थांबवण्याची माझी हिंमत झाली नाही याची मला अजून लाज वाटते. आता ‘कसं वाटलं?’ हा प्रश्नच विचारत नाही. धागा कुठे सुटला, मध्यंतराला पुढे काय होईल असं वाटलं, कुणाचं नाव लक्षात राहिलं नाही, एवढंच विचारतो. शेवट कसा हवा होता हे सांगायला बंदी. लेखकाने उत्तरं द्यायची नाहीत, कारण तो समजावायला लागला की लोक भिडेपोटी ‘हां हां, बरोबर’ म्हणतात.

वाचनाला लेखकाची लेखी संमती घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग करू देऊ नका. पुढे प्रयोग ठरला तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, पाठवावी लागते, तेव्हा काटछाट त्याआधीच उरकलेली बरी. राज्य नाट्य स्पर्धेचा विचार असेल तर वाचनं पावसाळ्यातच घ्या. दिवाळीच्या सुमारास स्पर्धेची धावपळ सुरू झाली की नट हाताला लागत नाहीत.

तिन्ही नाटकं एका दिवशी लावू नका, तिसऱ्याच्या वाट्याला पेंगलेले लोक येतात. महिन्याला एक ठेवा. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिनही टाळा. सत्कार, नारळ, भाषणं होऊन पहिलं वाक्य वाचेपर्यंत साडेनऊ वाजतात आणि शेवटच्या एसटीवाले उठून जातात.