झाडावर नोटीस लागलीय, आता काय?

प्रश्न: आमच्या गल्लीतल्या जुन्या पर्जन्यवृक्षावर पालिकेची तोडायची नोटीस लागलीय, शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. सोसायटीच्या ग्रुपवर रोज भांडणं, अर्धे म्हणतात पार्किंग मोकळं होईल. आम्ही काय करू शकतो?
– एक वाचक, दादर

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे ग्रुपवरचं भांडण थांबवा आणि आत्ताच्या आत्ता खाली जाऊन नोटिशीचा फोटो काढा, कारण हरकत घ्यायची मुदत त्यावरच असते आणि पावसात तो कागद दोन दिवसात लगदा होतो, मग कोणालाच काही आठवत नाही. राज्यात 1975 पासून झाडांचा कायदा आहे, परवानगीशिवाय खाजगी आवारातलं झाडही तोडता येत नाही. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं आणि त्यावरची झाडं हेरिटेज धरली जातात, म्हणून तुमच्या झाडाचं वय फार महत्त्वाचं आहे! जुन्या रहिवाशांकडे लग्नाचे, मुंजीचे फोटो असतात ना, त्यात मागे झाड दिसतंय का बघा. हरकत लेखीच द्या, जी उत्तर वॉर्डात उद्यान विभागाकडे, आणि कॉपीवर शिक्का मारून घ्या, तोंडी सांगितलेलं काही उपयोगाचं नाही. अचानक करवत चालू झाली तर पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनला फोन लावा. पार्किंगवाल्यांशीही बोला हो, त्यांचीही अडचण खरी आहे, पण मे महिन्यात गाडी त्याच सावलीत लावतात ना सगळे.