एमएसडीपी पीअरला पासवर्ड दिला, तरी सत्र ‘अप’ कसे?

एमएसडीपी हा मल्टिकास्टच्या (एकच प्रवाह अनेक श्रोत्यांना पाठवण्याच्या) स्रोतांची माहिती एका नेटवर्ककडून दुसऱ्याला कळवणारा प्रोटोकॉल. आपण सिस्को आयओएसवर (सिस्को राउटरच्या कार्यप्रणालीवर) एमएसडीपी पीअरला, म्हणजे पलीकडच्या जोडीदार राउटरला, पासवर्ड दिला, पलीकडच्या प्रशासकाने तो अजून दिलेला नाही, तरीही पीअर ‘अप’, म्हणजे त्याच्याशी असलेले सत्र (जोडणी) चालू, दिसतो. मग पासवर्ड लागू झाला की नाही, असा आपला प्रश्न आहे. तो लागू झालेला नाही. ‘आयपी एमएसडीपी पासवर्ड पीअर’ ही आज्ञा चालू सत्र तोडत नाही. नवा किंवा बदललेला पासवर्ड अमलात यायचा असेल, तर ‘क्लिअर आयपी एमएसडीपी पीअर’ देऊन ते सत्र आपणच तोडावे लागते. अनेक जण नुसता पासवर्ड देऊन थांबतात आणि काही महिन्यांनी राउटर रीबूट झाला की जोडणी का उठत नाही याचा शोध घेत बसतात.

एमएसडीपी टीसीपीच्या (दोन यंत्रांमध्ये जोडणी बांधणाऱ्या प्रोटोकॉलच्या) 639 क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि पासवर्डचे काम टीसीपीच्या पातळीवरच होते. प्रत्येक सेगमेंटबरोबर, म्हणजे टीसीपीने पाठवलेल्या तुकड्याबरोबर, पासवर्ड धरून काढलेली एमडी5 स्वाक्षरी जाते (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज आरएफसी 2385, 1998) आणि ती न जुळणारा सेगमेंट मुकाट्याने टाकून दिला जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंचा पासवर्ड अक्षरशः एकच हवा आणि तो ज्या पत्त्यावर पीअर नोंदवला आहे त्याच पत्त्याला दिलेला हवा. सत्र लूपबॅकवरून (राउटरच्या आभासी इंटरफेसवरून) बांधले असेल, तर लूपबॅकच्याच पत्त्याला.

आधी दोन्हीकडे पासवर्ड टाकावा, मगच सत्र तोडावे. हे काम कमी वर्दळीच्या वेळी करावे, कारण सत्र पुन्हा उभे राहून एसए संदेश (स्रोत चालू असल्याची वर्दी देणारे एमएसडीपीचे संदेश) येईपर्यंत नव्याने सामील होणाऱ्या श्रोत्यांना पलीकडच्या स्रोतांचा पत्ता कदाचित लागणार नाही. त्यानंतर ‘शो आयपी एमएसडीपी पीअर’मध्ये एमडी5 संरक्षण ‘एनेबल्ड’ दिसते का, हे पाहावे. जोडणी उठली नाही, तर लॉग वाचावा: ‘नो एमडी5 डायजेस्ट’ (डायजेस्ट म्हणजे तीच स्वाक्षरी) म्हणजे समोरून स्वाक्षरीच येत नाही, ‘इनव्हॅलिड’ म्हणजे ती येते, पण जुळत नाही. पासवर्ड बरोबर असूनही हे घडत असेल, तर मधल्या फायरवॉलकडे पाहावे. स्वाक्षरीच्या हिशेबात आयपी पत्ते आणि टीसीपीचा अनुक्रमांकही धरलेले असतात. म्हणून पत्ते बदलणारे नॅट किंवा अनुक्रमांक बदलणारी फायरवॉल ती मोडते. काही फायरवॉल तर स्वाक्षरी वाहून नेणारा टीसीपी पर्यायच (हेडरमधला जादा भाग) काढून टाकतात.

कॉन्फिगरेशनमध्ये दिसणारा टाइप 7 पासवर्ड (सिस्कोच्या कच्च्या सांकेतिक रूपातला) सहज उलगडता येतो, त्यामुळे ती फाइल कोणाला पाठवताना तो आधी खोडावा. शिवाय या स्वाक्षरीने मजकूर गुप्त होत नाही, आणि ओळखीचाच पीअर भरमसाट एसए संदेश पाठवू लागला तर ती त्याला अडवतही नाही. जानेवारी 2001मध्ये रॅमेन वर्मने (स्वतःहून पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) मल्टिकास्ट पत्त्यांचेही स्कॅनिंग केले, तेव्हा एसए संदेशांचा असा पूर आला होता. त्यासाठी ‘एसए-फिल्टर’ (नको ते एसए संदेश गाळणारी आज्ञा) आणि ‘एसए-लिमिट’ (त्यांची संख्या मर्यादित ठेवणारी) स्वतंत्रपणे लावावे लागतात. माझ्या मते पासवर्डपेक्षाही ते आधी लावावेत.